किती ताणावे?

‘ताण’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. शाळेत जाणाऱ्या पोराला ताण असतो, त्याला शाळेत सोडायला जाणाऱ्या आईला असतो, आणि निवृत्त होऊन नातवंडांत रमलेल्या आजोबांनाही, निदान त्यांच्या डॉक्टरांच्या मते, तो असतोच. इतक्या तोंडांतून इतक्या वेळा ऐकल्यामुळे ताण म्हणजे काहीतरी रोगट, होता होईल तो लवकर झटकून टाकण्याची वस्तू, असा आपला समज झाला आहे. पूर्वी हा शब्द माणसांपेक्षा दोऱ्यांना, तारांना नि कातड्यांना अधिक लागू असे. तंबोऱ्याच्या तारेला ताण असे, तबल्याच्या वादीला असे, बाजेच्या सुंभाला असे, कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीवरच्या तांतीला असे. आणि या साऱ्यांच्या बाबतीत ताण नसणे हीच आपत्ती होती. ताण गेलेली बाज म्हणजे झोळी, आणि ताण गेलेला तंबोरा म्हणजे कोपऱ्यात उभा केलेला भोपळा.

मला बोलायचे आहे ते अशाच एका साध्या, मोजता येणाऱ्या ताणाविषयी. टेनिसची रॅकेट गटिंगला दिली, की गटिंग करणारा एकच प्रश्न विचारतो : “किती?” त्याला उत्तर हवे असते ते पौंडांत. ४५, ५०, ५५, ६०. आपण आकडा सांगितला की तो रॅकेट यंत्रावर आवळतो. यंत्राचा चिमटा प्रत्येक तार तेवढ्या बळाने ओढून धरतो; आधी उभ्या तारा, मग त्यांच्यामधून खालीवर विणत नेलेल्या आडव्या. रॅकेटवर कारखानदाराने ‘५० ते ६०’ अशी काहीतरी मर्यादा छापलेली असते. पण त्या दोन आकड्यांमधले दहा पौंड त्याने तुमच्यावर सोपवलेले असतात, आणि तिथेच खरी पंचाईत असते.

नीतिशास्त्राच्या ग्रंथांतले प्रश्न बहुधा ‘करावे की करू नये’ या जातीचे असतात. खरे बोलावे की बोलू नये, शिक्षा करावी की करू नये, दान द्यावे की देऊ नये. माझा अनुभव असा, की संसारी माणसाचे या प्रश्नांपाशी फारसे अडत नाही. खरे बोलावे, मुलांना वळण लावावे, गरजूला मदत करावी, हे आपणा सर्वांना मान्यच असते. अडते ते पुढे. आजारी माणसाला त्याच्या आजाराचे खरे किती सांगावे? मुलाला किती धाकात ठेवावे? धाकट्या भावाला कितव्यांदा पैसे द्यावेत? ग्रंथ इथे गप्प बसतात. ज्या घरात हा अंक आज वाचला जात असेल, तिथल्या स्वयंपाकघरातही गेल्या आठवड्यात हाच प्रश्न कोणीतरी विचारला असेल : चकलीच्या भाजणीत मोहन किती घालायचे? कमी पडले तर चकली दात पाडते, अधिक झाले तर ती तेलात विरघळते. आणि आजीचे उत्तर ठरलेले : “अंदाजाने.” आजी काही लपवून ठेवते असे नाही. तिच्या बोटांना जे कळते ते तिला वाटीच्या मापात सांगता येत नाही, एवढेच.

रॅकेटच्या बाबतीत निदान एक बरे आहे. तिथे ‘किती’ला आकडा आहे. आकडा आहे म्हणून प्रश्न सुटतो असे नव्हे, पण तो डोळ्यांसमोर धरून पाहता येतो.

पहिली गोष्ट अशी, की या बाबतीतली आपली सर्वसाधारण समजूतच उलटी आहे. तार जितकी घट्ट तितका चेंडू जोरात जाणार, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. धनुष्याच्या प्रत्यंचेवरून आपण हे ठरवून टाकले असावे. वस्तुस्थिती नेमकी विरुद्ध आहे, आणि तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरांवरून टणक जमिनीवर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर इतकाच उसळला पाहिजे. म्हणजे टणक पृष्ठभागावर आपटलेला चेंडू स्वतः चेपला जाण्यात आपली जवळजवळ निम्मी शक्ती घालवून बसतो. तारांचे तसे नाही. तार ही मोठी सचोटीची सावकारीण आहे. तिच्याकडे ठेवलेल्या शक्तीतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ती परत करते. तेव्हा तार सैल असली की आघाताचा मोठा वाटा ती स्वतःच झेलते, चेंडू कमी चेपतो, आणि अधिक वेगाने परत जातो. तार घट्ट आवळली की ती भिंतीसारखी होते. चेपायचे काम चेंडूवर येते, आणि शक्ती त्याच्या पोटात जिरते. जोर सैल तारेत आहे.

मग घट्ट तारेत काय आहे? ताबा आहे. घट्ट तारेवरून सुटलेला चेंडू तुमच्या हाताने जेवढे दिले जवळजवळ तेवढेच घेऊन जातो. तार पदरचे काही घालत नाही. म्हणून ज्याच्या खांद्यात नि मनगटात मुळातच भरपूर जोर आहे, आणि तो जोर रेषेच्या आत कसा ठेवावा ही ज्याची चिंता आहे, त्याने तारा घट्ट कराव्यात. ज्याचा चेंडू जाळ्यापलीकडे जेमतेम पोचतो, त्याने सैल ठेवाव्यात. घट्ट तारेने दुबळा हात बलवान होत नाही, तो दुखू मात्र लागतो.

हे कळल्यापासून, कडक शिस्तीने माणसे घडतात हे वाक्य कोणी उच्चारले की मी जरा थांबून ऐकतो. शिस्तीने मुले पुढे गेली, असे ज्या शाळा अभिमानाने सांगतात, त्या शाळांत मुळातच जोरदार मुले निवडून घेतलेली असतात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्या मुलांना शिस्तीने ताबा दिला हे खरे. पण जे पोर जाळ्यापलीकडे जेमतेम पोचत होते, त्याला त्याच शिस्तीने काय दिले, याची गुणपत्रिका कुठे लागत नाही. अर्थात उपमेवरही फार भार टाकू नये; तीही एक तारच आहे.

आणि फरकाचे मापही नीट लक्षात ठेवले पाहिजे. आठदहा पौंड कमीजास्त केल्याने चेंडूच्या वेगात पडणारा फरक फार थोडा असतो. ऑस्ट्रेलियातल्या रॉड क्रॉस या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्याने चांगल्या तयारीच्या खेळाडूंच्या हाती वेगवेगळ्या ताणाच्या रॅकेटी देऊन, घट्ट कोणती नि सैल कोणती हे ओळखायला लावले होते. एकदोन पौंडांचा फरक मला लगेच कळतो, असे सांगणारे खेळाडू पुष्कळ भेटतात. पण या प्रयोगात बहुतेकांना पुष्कळ मोठा फरकही खात्रीने सांगता आला नाही. आपल्याला कळते असे वाटते ते पुष्कळदा कानाला कळलेले असते. घट्ट तार टणत्कारते, सैल तार ‘थप्’ म्हणते. तारांमध्ये बोटभर रबराचा तुकडा अडकवला की तो आवाज मरतो, आणि हाताला बसणारा हादरा तेवढाच राहूनही खेळाडू म्हणतो, आता कसे मऊ वाटते! माणसांच्या कडकपणाबद्दलची आपली मतेही बरीचशी अशी आवाजावर बेतलेली असतात. ज्याचा स्वर चढा तो कडक, हळू बोलणारा तो मवाळ. या हिशेबाने मी स्वतः कितीतरी वर्षे मवाळ गणला गेलो आहे. आमच्या घरच्या मंडळींचे मत याहून वेगळे आहे.

आता कोणीही सुज्ञ वाचक म्हणेल, की एवढे चर्वितचर्वण कशाला? फार घट्ट नको, फार सैल नको, मधोमध ठेवा. याला आधारही थोर आहे. बौद्ध वाङ्मयात सोण कोळिविस नावाच्या भिक्षूची कथा आहे. चंपा नगरीतल्या श्रीमंताचा हा लाडका मुलगा भिक्षू झाला, आणि येरझाऱ्या घालीत ध्यान करण्याचा त्याने असा अतिरेक मांडला की त्याच्या कोवळ्या तळव्यांतून रक्त वाहू लागले. इतके करूनही काही हाती लागेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. बुद्ध त्याच्याकडे गेले, आणि घरी असताना तू वीणा चांगली वाजवीत होतास ना, असे त्यांनी त्याला विचारले. तारा फार ताणलेल्या असताना वीणा वाजत असे का? फार सैल असताना वाजत असे का? पुढचे सांगायला नकोच.

या कथेतून आपण ‘मधोमध’ एवढाच शब्द उचलतो. पण कशाच्या मधोमध? १९८० सालच्या ५ जुलैला विंबल्डनच्या हिरवळीवर ब्यॉर्न बोर्ग आणि जॉन मॅकेन्रो समोरासमोर उभे राहिले. टेनिसच्या इतिहासात गाजलेल्या सामन्यांत हा सामना फार वरच्या जागी आहे. चौथ्या डावातला टायब्रेकर मॅकेन्रोने १८-१६ असा घेतला, विजेतेपदाच्या उंबरठ्यावर आलेल्या बोर्गला त्याने पुनःपुन्हा मागे ढकलले, आणि तरीही पाचवा डाव ८-६ असा जिंकून बोर्गने ओळीने पाचव्यांदा चषक नेला. बोर्गच्या लाकडी रॅकेटीच्या तारा ८० पौंडांच्या आसपास ताणलेल्या असत. त्या काळच्या लाकडाला हा ताण म्हणजे जवळजवळ छळ होता. रात्री हॉटेलच्या खोलीत रॅकेटी पडल्या पडल्या त्यांच्या तारा आपोआप तुटत आणि त्या आवाजाने झोप मोडे, असे सांगतात. मॅकेन्रोच्या तारा याच्या मानाने कितीतरी सैल. एक चेंडूला भिंतीसारखा भिडणारा, दुसरा त्याला ओंजळीत धरल्यासारखा झेलून हवा तिथे सोडणारा. हिरवळ तीच, चेंडू तेच, आणि दोघांपैकी एकाचाही आकडा मधला नव्हता. पुढल्या वर्षी त्याच जागी मॅकेन्रो जिंकला. यावरून घट्ट तार बरी की सैल बरी हे कोणी ठरवून दाखवावे. आपल्या काळात पीट सॅम्प्रासही ७५ पौंडांच्या आसपास ताणत असे. आणि आद्रियाँ मानारिनो नावाचा फ्रेंच खेळाडू याच्या निम्म्याहूनही कमी ताण ठेवून, तारा जवळजवळ जाळ्यासारख्या सैल सोडून, जगातल्या पहिल्या वीस खेळाडूंत जाऊन बसला. या दोघांची सरासरी काढून ती कोणा तिसऱ्याच्या रॅकेटवर चढवली, तर ती मध्यममार्गी होईल, पण कोणाच्याच उपयोगाची होणार नाही.

याहून चांगला दाखला आपल्याकडच्या गाण्यात आहे. गवई बैठकीला बसतो तेव्हा तंबोरा त्याच्या गळ्याला लावतात. कोणाचा षड्ज काळी एक, कोणाचा पांढरी दोन, कोणाचा काळी चार. तुझा षड्ज काळी एकच का, असे गवयाला कोणी विचारत नाही. तो त्याच्या गळ्याने ठरवलेला असतो. पण एकदा तो ठरला, की पुढे मोकळीक संपते. मिरजेच्या कारागिराने घडवलेला उत्तम तंबोरा घेऊन बसले तरी तारेखालचा मणी केसभर पुढे, केसभर मागे, जव्हारीतले सूत किंचित सरकव, असे चालूच राहते. श्रोते ताटकळतात, पण लागल्याशिवाय गवई तोंड उघडत नाही. षड्ज कोणता हे ठरवण्यात इतके स्वातंत्र्य, आणि ठरलेला षड्ज लावण्यात इतका काटेकोरपणा! मला वाटते, वीणेच्या कथेतले ‘मध्यम’ हे या जातीचे असावे. ते दोन टोकांमधले अंतर मोजून सापडत नाही. आपल्या गळ्यापासून निघावे लागते.

यावर एक आक्षेप येणारच. ज्याचा त्याचा षड्ज म्हटले की मग कोणीही काहीही करावे, आणि हाच माझा आकडा म्हणून सांगावे! लाच घेणाऱ्याने म्हणावे, माझ्या तारा जरा सैल आहेत. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण त्याचे उत्तरही रॅकेटपाशीच मिळते. टेनिसच्या नियमपुस्तकात तारांच्या ताणाबद्दल मर्यादा घातलेली नाही. ८० ठेवा नाहीतर ३० ठेवा. १९७७ साली दुहेरी तारांची एक चमत्कारिक रॅकेट निघाली. तिला ‘स्पॅगेटी’ म्हणत, आणि तिच्यावरून सुटलेला चेंडू इतका भ्रमिष्टासारखा उसळे की भल्याभल्यांची त्रेधा उडाली. इली नस्तासेने ती हाती घेऊन, मातीच्या कोर्टावर ओळीने त्रेपन्न सामने जिंकत आलेल्या गिलेर्मो विलासची घोडदौड थांबवली. तेव्हा कुठे रॅकेट म्हणजे काय हे नियमांत लिहायची वेळ आली. त्यांनी तारांच्या विणीची घडण बांधून दिली, आणि आणखी एक गोष्ट नियमात आहे : गुण चालू असताना रॅकेटचा गुणधर्म बदलता येईल असे कोणतेही साधन तिच्यावर असता कामा नये. आकडा कोणता, हे तुमच्यावर सोडले आहे. पण जो निवडाल तो घेऊन तो गुण पुरा खेळायचा. समोरून चेंडू जड आला की घट्ट, हलका आला की सैल, हे चालायचे नाही. लाच घेणाऱ्याच्या तारा सैल नसतात; त्या समोरच्याला पाहून बदलतात.

स्वतःचा आकडा ठरवणे एक वेळ सोपे. दुसऱ्याच्या हातासाठी आकडा ठरवायचा म्हटले की प्रश्नाला वेगळीच धार येते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याबरोबर त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीची रॅकेट गटिंगला द्यायला गेलो होतो. मुलगी चांगली खेळते. भाच्याला ती फार चांगली खेळावी असे वाटते.

“किती?” गटिंग करणाऱ्याने विचारले.

“अठ्ठावन्न,” भाचा म्हणाला. कोणा जगज्जेत्याचा आकडा त्याने कुठेतरी वाचला होता.

गटिंग करणारा गृहस्थ साठीचा असेल. त्याने आकडा लिहिला नाही. मुलीकडे पाहून म्हणाला, “बाळ, कोपर दुखतं का गं?”

तिने आधी वडिलांकडे पाहिले. “थोडंसं. खेळून झाल्यावर.”

“साहेब, अठ्ठेचाळीस करू का? आणि ही तारही बदलू. ही पॉलिस्टर आहे, लहान हाताला फार कडक.”

“कोच म्हणतात सवय होईल.”

“सवय होईल हो. पण तोवर हात राहायला हवा ना.”

भाचा गप्प झाला. गटिंग करणाऱ्याने पुन्हा मुलीलाच विचारले. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “काका, पन्नास चालेल?”

“चालेल की. पण पन्नास का?”

“अठ्ठेचाळीस बाबांना फारच कमी वाटेल.”

आम्ही सारे हसलो, आणि ५० वर सौदा मिटला. पण ते वरचे दोन पौंड माझ्या मनातून गेले नाहीत. ते तिच्या हाताचे नव्हते, खेळाचे नव्हते. ते तिने बापाच्या मनासाठी घेतले होते. विचार करू लागलो तेव्हा असे दिसले, की आपल्या बहुतेक आकड्यांत असे दोनचार पौंड दुसऱ्या कोणाचे असतात. सासू काय म्हणेल याचे दोन, शेजारी काय म्हणतील याचा एक, वारलेल्या वडिलांना काय वाटले असते याचे चार. ते अजिबात नकोत, असे म्हणणारे तत्त्वज्ञ आहेत. त्यांच्या मते माणसाने निखळ स्वतःचा आकडा लावावा. मला हे पटत नाही. बापाच्या मनासाठी दोन पौंड घेणाऱ्या मुलीत मला दुबळेपणा दिसला नाही, शहाणपणच दिसले. ते कोणासाठी घेतले हे तिला पक्के ठाऊक होते, आणि ते दोनच होते, दहा नव्हते. दहा मागणारा बाप मात्र, तो कितीही मायेने मागत असो, मुलीच्या कोपरातून काहीतरी काढून घेत असतो. माझा भाचा वाईट माणूस नाही. त्याच्या प्रेमातच जोर जास्त आहे, आणि ताबा कमी.

सोणाच्या कथेतली एक बारीकशी गोष्ट मला इथे आठवते. बुद्धांनी त्याला आकडा सांगितला नाही. त्यांनी त्याच्याच वीणेची आठवण करून दिली, आणि प्रश्न विचारले. उत्तर सोणाच्या बोटांत आधीपासूनच होते.

एवढ्यावर हा विषय संपला असता, जर सांगितलेला आकडा रॅकेटवर तसाच टिकून राहिला असता. तो राहत नाही. यंत्रावर ५५ पौंडांनी ओढलेली तार चिमट्यातून सुटल्या क्षणापासून सैल होऊ लागते. पहिल्या रात्रीतच, एकही चेंडू न मारता, काही पौंड निघून जातात. मग खेळाने जातात, उन्हाने जातात, नुसत्या पडून राहण्यानेही जातात. म्हणून तर सॅम्प्रासच्या रॅकेटी, वापरलेल्या असोत वा नसोत, सामन्याआधी नव्याने विणल्या जात. जनावराच्या आतड्याची तांत ताण सर्वांत अधिक टिकवते. आमच्या पावसाळ्यात मात्र ती फुगते नि उसवते. पण ती झिजू लागली की तिचे धागे सुटलेले डोळ्यांना दिसतात. नायलॉन मधल्या प्रतीचे. आणि पॉलिस्टर, जी १९९७ साली गुस्ताव्हो क्युर्टेनने पॅरिसमध्ये अजिंक्यपद मिळवल्यापासून जगभर पसरली, ती चिवट. ती सहजी तुटत नाही. आणि ताण सर्वांत लवकर घालवते तीही तीच. गटिंग करणारे म्हणतात, ही तार तुटत नाही, मरते. अखंड, चकचकीत, जागच्या जागी बसलेली, आणि मेलेली.

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आपले मोठे लाडके वाक्य. पिढ्यान्‌पिढ्या आपण ते मुलांना शिकवत आलो, आणि चारित्र्याला धोके दोनच, एक मोडण्याचा नि दुसरा वाकण्याचा, असे धरून चाललो. तार ना मोडते, ना वाकते. ती सैल होते. मला वाटते, आपल्यापैकी बहुतेकांची तत्त्वे याच वाटेने जातात. तारुण्यात कधी काही ठरवलेले असते : अमुक घेणार नाही, तमुकापुढे झुकणार नाही, रोज एवढे वाचीन, खोट्या खर्चाची पावती करणार नाही. त्यातले एकही आपण वाजतगाजत मोडत नाही. मोडले असते तर आवाज झाला असता, बोर्गसारखी झोप तरी उडाली असती. आपण फक्त आज अर्धा पौंड, उद्या अर्धा पौंड असे सैल होत जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सारे जागच्या जागी दिसते.

यातला खरा धोका मी अजून सांगितलेलाच नाही. तार सैल होते तसतसा हातही बदलतो. चेंडू थोडा लांब जाऊ लागला की खेळाडू नकळत रॅकेटचा तोंडवळा किंचित मिटतो, फटका किंचित आखडतो, आणि चेंडू पुन्हा रेषेच्या आत पडू लागतो. म्हणून त्याला काही कळत नाही. कळते ते पुढे, जेव्हा सहा महिन्यांनी तो रॅकेट पुन्हा गटिंगला देतो आणि नेहमीचाच आकडा सांगतो. परत आलेली रॅकेट त्याला परकी वाटते, फळीसारखी वाटते. चेंडू जाळ्यात जातात, हात झिणझिणतो, आणि तो गटिंग करणाऱ्याशी भांडायला जातो की तुमचे यंत्र बिघडले आहे. यंत्र ठीक असते. आकडाही तोच असतो. पुष्कळ दिवसांनी एखादा जुना, सरळ वागणारा मित्र भेटला आणि अर्ध्या तासात तो आपल्याला ‘फार टोकाचा’ वाटू लागला, तर मला आताशा त्या मित्राविषयी शंका येत नाही.

मग जुना आकडा हाच खरा, आणि आजचा हात खोटा? इतके सरळ असते तर बरे झाले असते. साठी उलटलेल्या माणसाने विसाव्या वर्षीचा ताण ठेवू नये, हे कोणताही वैद्य सांगेल. कोपर दुखू लागले की आकडा खाली आणावा, ही टेनिसमधली सर्वमान्य रीत आहे. वयाबरोबर माणूस जरा क्षमाशील होतो, लोकांच्या चुकांना जागा देऊ लागतो, ते सगळे घसरणे कसे म्हणावे? ज्या गोष्टीसाठी वडील आम्हाला फोडून काढीत, त्या गोष्टीला मी नातवाला हसून सोडून देतो. हे सैल होणे आहे की शहाणे होणे? दोन रॅकेटी घ्या. एकीला कोणी विचार करून ४८ पौंडांनी ताणले आहे. दुसरी ५६ वरून कोणाच्या नकळत ४८ वर आली आहे. चेंडूला यांतला भेद फारसा कळणार नाही. जगालाही कळणार नाही. भेद एवढाच, की पहिलीच्या मागे कोणीतरी उभा आहे. उद्या ती ४५ झाली तर त्याला ते कळेल, कारण ४८ हा त्याने घातलेला खुंटा आहे. दुसरीला खुंटाच नाही. तिच्या मालकाला विचारा, तो आजही छातीवर हात ठेवून ५६ सांगेल. आणि तो खोटे बोलत नसतो. त्याने शेवटचे मोजले तेव्हा तेवढेच होते.

आमच्या क्लबात दुहेरीत माझा जोडीदार असलेले एक गृहस्थ आहेत, पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यांच्या रॅकेटच्या मानेवर एक कागदाची पट्टी असते, आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरांत तारीख नि आकडा. नवी पट्टी जुनीवरच चिकटवायची त्यांची सवय, त्यामुळे तिथे आता पुठ्ठ्याएवढा थर झाला आहे. तरुण पोरे त्यावरून त्यांची थट्टा करतात. तळाच्या पट्टीवर ६० आहे असे ते सांगतात. मग ५६, ५२, ५०, पुढे बरीच वर्षे ४८, आणि खांद्याच्या दुखण्यानंतर ४४. गेल्या श्रावणात मात्र त्यांनी ४४ वर ४६ ची पट्टी डकवली. या वयात आकडा वर? मी कारण विचारले.

“चेंडू फार लांब जायला लागले होते हो,” ते म्हणाले, “आणि कोर्ट काही कोणी वाढवून दिलं नाही.”

त्या दिवशी आम्ही दोन्ही डाव हरलो. त्यांचे चार चेंडू जाळ्यात गेले. चहा पिताना त्यांनी रॅकेट मांडीवर घेतली, तारांवर नखाने टिचकी मारली, कान देऊन ऐकले, आणि म्हणाले, “आठवडाभर बघतो.”